बीबीच्या वाफ्यातला वाळा

नणंदेला सातवा महिना लागला तेव्हा सासूबाईंचा फोन आला, आणि नऊ वर्षं जपलेलं माझं खोटं दारात येऊन उभं राहिलं. "येताना वाळे घेऊन ये," त्या म्हणाल्या, "बारशाला तेच घालायचे." मी सौदीतल्या हुफूफच्या आमच्या फ्लॅटमध्ये ओट्याशी उभी होते. कुकरची तिसरी शिट्टी व्हायची होती. म्हटलं, "हो आई, जपून ठेवलेत." कपाटाच्या चोरकप्प्यात लाल चंचीत एकच वाळा होता.

आमच्या सासरी, चिपळूणला, हे वाळे म्हणजे घरातल्या प्रत्येक बाळाचा पहिला दागिना. चांदीची जाड, भरीव जोडी. सासूबाईंच्या आईने माझ्या नवऱ्याच्या बारशाला घातली, मग ती नणंदेच्या पायात गेली, मग आमच्या लेकीच्या. दुसरे वाळे करून द्यायला कोणाची ना नव्हती, पण घालायचे ते हेच, असा घरचा शिरस्ता. त्यातल्या एका वाळ्याला एक पोचा होता. नवरा रांगता असताना त्याने तो पाट्यावर आपटून आपटून पाडलेला. हरवला तो नेमका पोच्याचा.

सासूबाईंच्या हातून नणंदेने फोन घेतला. तिच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. तीनदा दिवस राहून मूल गेलं होतं. या वेळी तिने बाळासाठी एक टोपडंसुद्धा आणलं नव्हतं. "वहिनी, मला बाकी काही नको," ती म्हणाली. "कोणी विचारलं तर मी सांगते, आधी हातात येऊ दे. फक्त वाळ्यांचं मनात आलं. दादाला घातले, मला घातले, तुझ्या लेकीला घातले. सगळे धड वाढलो. म्हणून."

मी हो म्हटलं आणि फोन ठेवून रडले. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते कळलं नाही, डाळीचं पिठलं झालं.

नवऱ्याचा उपाय तयारच होता. "चिपळुणात सोनाराकडून तसाच दुसरा करून घेऊ. कोणाला कळतंय?" म्हटलं, तुझ्या आईला कळेल. सासूबाईंना आता नीट दिसत नाही, पण त्यांचा अंगठा अजून चोख आहे. तांदूळ जुना की नवा ते त्या चिमटीत धरून सांगतात. पोच्यासकट वाळा करून द्या, असं कुठल्या सोनाराला सांगायचं? आणि खरं सांगायचं तर मला त्या बाळाच्या पायात खोटं घालवेना. माझ्या तोंडातलं खोटं वेगळं. त्याची मला सवय झाली होती.

वाळा हरवला होता तो आमच्या पहिल्या घरी. हुफूफच्या जुन्या भागात एका मोठ्या घराच्या मागच्या अंगाला दोन खोल्या होत्या, तिथे आम्ही भाड्याने राहायचो. घरमालकीण वयस्कर, तिला आम्ही खाला म्हणायचो. अंगण एकच, अर्धं सिमेंटचं, अर्धं मातीचं. मातीत लिंबाचं झाड, पुदिना आणि मऊ वाळू. लेक एक वर्षाची होती आणि दिवसभर त्या वाळूत लोळायची. मी डायलिसिसच्या वॉर्डात नर्स, त्यामुळे ड्यूटीवर असले की तिला सांभाळायची ती खालाच्या घरची इंडोनेशियाची बाई. घरातले सगळे तिला तिच्या भाषेतल्या मावशीच्या शब्दाने 'बीबी' म्हणत. आमची लेक 'आई'च्या आधी 'बीबी' म्हणायला शिकली, आणि मला त्याचा रागही यायचा.

एका दुपारी घरी आले तर लेकीच्या एका पायात वाळा, दुसरा पाय मोकळा. मी अंगण झाडलं, वाळू उकरली, गाद्या उलट्या केल्या. मग माझं डोकं फिरलं. मी तरातरा खालाकडे गेले आणि माझ्या तेव्हाच्या तोडक्यामोडक्या अरबीत म्हणाले, बीबीची पिशवी उघडून बघा. बीबी तिथेच उभी होती, माझ्या लेकीला कडेवर घेऊन. खाला एवढंच म्हणाली, "माझ्या घरात कोणाची पिशवी उघडत नाहीत." बीबीने लेकीला माझ्या हातात दिलं आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

त्यानंतर माझ्याशी कोणी वाकडं बोललं नाही, पण आमच्या दाराशी येणं सगळ्यांनी बंद केलं. दोन महिन्यांनी आम्ही हॉस्पिटलजवळ फ्लॅट घेतला. निघताना मी खालाला सलाम केला, बीबीला नाही केला. ती लिंबाला पाणी घालत होती, तिने वर पाहिलं नाही असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे पाहिलं नव्हतं ते मी.

तर हा सगळा इतिहास असलेल्या अंगणात मला आता परत जायचं होतं, आणि तेही मशीन घेऊन.

मशीन मामूंचं. मामू मूळचे मुरुडकडचे, वीस-बावीस वर्षं इथे पाण्याच्या पाइपलाइनच्या कंत्राटदाराकडे. आमच्या लेकीचे मामू, म्हणून आमचे सगळ्यांचेच मामू. रस्त्यावर डांबर चढतं, लोक बागा करतात, भिंती पुढे घेतात, आणि जुन्या व्हॉल्व्हची लोखंडी झाकणं जमिनीखाली गडप होतात. ती शोधायला त्यांच्याकडे एक काठीसारखं यंत्र आहे. धातू लागला की ते कुईं करतं. हा माणूस आयुष्यभर लोकांच्या फाटकाशी उभा राहून "तुमच्या अंगणात येऊ का" असं विचारत आला आहे. मी माझं रडगाणं सांगितलं. ते सगळं ऐकून म्हणाले, "ताई, मशीन मी माझ्या साहेबांना विचारून आणीन. पण घरवाल्यांची परवानगी तुम्ही आणा. परवानगी नसेल तर मी फाटकाच्या आत पाय टाकणार नाही. आणि नुसती मान हलवलेली चालत नाही मला, तोंडाने हो म्हणायला हवं."

"एवढं काय त्यात? आपलीच वस्तू शोधतोय."

"जमीन त्यांची ना? आणि या मुल्कात असं मशीन घेऊन उगीच फिरायचं नाही. जमिनीतल्या जुन्यापुराण्या वस्तू शोधायचं काम सरकारचं. आपण शोधायला गेलो तर मग आपला इकामा, इथे राहायचा परवाना, शोधत बसायची पाळी."

मग त्यांनी मला विद्या दिली. जायचं असरच्या, म्हणजे उन्हं उतरतानाच्या नमाजनंतर, भर दुपारी नाही. बेल एकदाच, दोनदा वाजवली की आपण घाईतले ठरतो. बेल दाबली की बाजूला सरकायचं आणि फाटकाकडे पाठ करून उभं राहायचं, म्हणजे दार उघडलं तरी आतलं दिसत नाही. रिकाम्या हाताने जायचं नाही. आणि मशीनचं नाव कहव्याची, म्हणजे अरबी कॉफीची, तिसरी फिंजान, तो इवला कप, होईपर्यंत काढायचं नाही.

"मी तर बाई आहे, मामू. मला पाठ कशाला करावी लागेल? मला आत घेतील."

"मग आतलं तुमचं तुम्ही बघा. माझं शहाणपण फाटकापर्यंतचं."

रिकाम्या हाताने नाही, तर काय न्यायचं? हुफूफात खजूर नेणं म्हणजे रत्नागिरीत आंबे नेणं. मी खोबऱ्याच्या वड्या केल्या. त्या खालाला आवडायच्या एवढं आठवत होतं. पहिला घाणा चिवट झाला, दुसरा बरा उतरला. नवऱ्याने पहिला घाणा उभ्याउभ्या संपवला आणि म्हणाला, "मी गाडीत बसतो. तू आत जा. ते भांडण तुझं होतं." हा माणूस शांत आहे असं सगळे म्हणतात. शांत नाही, चलाख आहे.

बेल एकदाच वाजवली. आणि सवय नसताना, का कोण जाणे, मी फाटकाकडे पाठ करून उभी राहिले. मागे कडी निघाली. वळले तर समोर बीबी. केस अर्धे पांढरे, बाकी तीच. तिने माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि वाट दिली. मी पाठ करून उभी होते ते संस्कार म्हणून नव्हे, मला तोंड दाखवायची लाज वाटत होती, हे तेव्हा माझं मला कळलं.

अंगण ओळखू येईना. मातीची जागा जवळजवळ नाहीशी झालेली. सगळीकडे फिकट तपकिरी फरशा, आणि मधोमध लिंबाच्या बुंध्याभोवती तेवढा एक गोल वाफा. खालाचे यजमान दोन वर्षांपूर्वी वारले होते. फरशा त्यांनीच शेवटच्या वर्षी बसवून घेतल्या होत्या, खालाला वॉकर घेऊन सरळ चालता यावं म्हणून. हे ती मला बैठकीत बसल्यावर सांगत होती आणि मी फिंजानीमागून फिंजान कहवा पीत होते. पुरे असेल तेव्हा फिंजान जरा हलवून द्यायची असते. मी हलवेचना. कहवा ओतला जातोय तोवर बोलावं लागणार नव्हतं. बीबी उभ्याउभ्या ओतत होती. पाचव्या फिंजानीला खाला म्हणाली, "बिन्ती, मुली, तू कहवा प्यायला नाही आलेलीस."

माझी अरबी डायलिसिसच्या पेशंटांकडून शिकलेली आहे. हात सरळ ठेवा, दुखतंय का, पाणी कमी प्या, हे मला अस्खलित येतं. अंगण खणू द्या, हे कोणी शिकवलेलं नाही. मी बोटांनी गोल करून दाखवला, आपल्या पायाकडे बोट केलं, नणंदेचं पोट हवेत काढून दाखवलं. तीनदा गेलं, हे मात्र मला नीट सांगता आलं. ते शब्द हॉस्पिटलात लागतात.

खाला ऐकत होती. मग ती वॉकर घेऊन आत गेली. मला वाटलं, संपलं. ती परत आली ती एक रुमाल घेऊन, आणि त्यातून तिने माझ्या मांडीवर लहान मुलाच्या चांदीच्या तोड्यांची जोडी ठेवली. बारीक घुंगरू असलेले, काळे पडलेले. तिच्या मुलांच्या पायातले. "घेऊन जा," ती म्हणाली. "खणून काय करतेस? बाळाला चांदीच हवी ना?"

आता इथे मी माती खाल्ली. आपल्याकडे कोणी काही देऊ केलं की "नको नको, कशाला" म्हणायचं असतं. दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा घेतलं, की शिष्टाचार पुरा झाला. मी ती जोडी दोन्ही हातांनी उचलून परत खालाच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, नको, मला फक्त परवानगी हवी. त्या घरात दिलेली वस्तू अशी परत ठेवणं म्हणजे देणाऱ्याचा अपमान, ते खालाच्या चेहऱ्यावर दिसलं. दहा वर्षं या देशात राहून मी अकलेचे तारे तोडले.

"अजब लोक तुम्ही," ती म्हणाली. "चांदी नको, माती हवी." मग म्हणाली, "आणि परवानगी मी देऊ शकत नाही. घर माझं आहे. वाफा हिचा आहे." तिने बीबीकडे हात केला. "पाणी ही घालते, झाडते ही, पुदिना हिचा. माझ्या यजमानांनी फरशा बसवताना तेवढी माती हिच्यासाठी ठेवली. हिला विचार."

बीबी कहव्याची किटली, दल्ला, हातात घेऊन तशीच उभी होती. अंगणात खणायची परवानगी घ्यायला आले होते आणि विचारायचं होतं कोणाला, तर जिच्या पिशवीवर मी बोट ठेवलं होतं तिला. खालाला सगळं आठवत होतं. तिने मला बरोबर तिथे आणून बसवलं होतं.

मी उठले. बसून बोलणं बरं दिसेना. ती अरबी बोलते तीही परक्याची, मीही परक्याची, दोघींच्या मोडक्या वाक्यांचं मिळून एक धड वाक्य होत होतं. मी म्हणाले, "बीबी, त्या दिवशी माझं चुकलं. सामहीनी, मला माफ कर." आणि मग घाईघाईने, जणू आता नाही तर कधीच नाही, तसं, "आणि तुझ्या वाफ्यात शोधू का?"

बीबीने आधी दारातून वाफ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी शोधला होता."

"काय?"

"तुम्ही गेल्यावर. पिठाच्या चाळणीने. सगळी वाळू चाळली. किती दिवस. खाला रागावली, चाळणी खराब झाली म्हणून." तिने दल्ला खाली ठेवला. "नाही मिळाला. मिळाला असता तर हॉस्पिटलात आणून दिला असता. मग तुला कळलं असतं."

नऊ वर्षं मी चिपळूणला खोटं सांगत होते, की वाळा हरवला हे कळू नये म्हणून. आणि ही इथे वाळू चाळत होती, की तो सापडावा म्हणून. मी खाली बसून रडले, चांगलं हमसून. खाला बीबीला काहीतरी म्हणाली. बीबीने माझ्या हातातली फिंजान घेतली, तिनेच हलवली आणि बाजूला ठेवली.

"शोध," ती म्हणाली. "पण पुदिना उपटायचा नाही. लिंबाच्या मुळाला फावडं लावायचं नाही. खणलेलं त्याच दिवशी बुजवायचं. आणि माती मी काढीन, तू नाही. तुला कळत नाही."

हे तिने तोंडाने सांगितलं, नुसती मान हलवून नाही. मामूंना फोनवर कळवलं तर म्हणाले, "ताई, अशा पक्क्या अटी तर आमच्या कंपनीच्या कागदावरही नसतात. येतो मी."

जुम्याला, शुक्रवारी, असरनंतर आम्ही गेलो. पुरुष येणार म्हणून खालाचा मुलगा मुद्दाम येऊन अंगणात खुर्ची टाकून बसला होता. खाला खिडकीच्या जाळीआड. बीबी डोकं नीट गुंडाळून, हातात खुरपं घेऊन वाफ्याशी. मामूंनी बिस्मिल्ला म्हणून मशीन फिरवायला घेतलं, आणि पहिल्या मिनिटाला कुईं झालं. माझा जीव टांगणीला लागला. बीबीने दोन बोटं माती काढली. बाटलीचं झाकण.

"मम्मा, इट्स जस्ट अ ढक्कन," लेक म्हणाली. ती दहा वर्षांची झाली आहे आणि तिला वाळ्यापेक्षा मशीनचं कौतुक होतं. बीबी मात्र दर थोड्या वेळाने तिच्याकडे बघत होती. शेवटी तिने मातीचा हात तिच्या डोक्याच्या उंचीला हवेत धरला आणि मग आपल्या गुडघ्याशी आणला. एवढीशी होती, असं. लेक लाजली आणि तिच्या शेजारी उकिडवी बसली. पुढचं सगळं त्या दोघींनीच खणलं.

आणखी तीन झाकणं निघाली, एक खिळा, नळाची चकती, एक चमचा. चमचा बघून खिडकीतून खाला हसली, तो कधीचा हरवला होता म्हणे. वाळा नाही. वाफा संपला. मामू वाफ्याच्या कडेने मशीन फरशीवर नेत होते, सहज, आणि तिथे ते असं कडकडून ओरडलं की आम्ही सगळेच दचकलो. मामूंनी पुन्हा फिरवलं. तीच फरशी, तोच आवाज.

"काय आहे?" मी विचारलं.

"चांदी असू शकते. पाइपाचा जोड असू शकतो. निम्मंनिम्मं. ताई, मी खोटं बोलणार नाही."

खालाचा मुलगा उठला. "फरशी फोडा," तो म्हणाला. आतून खालाचाही आवाज आला, "फोडा, फोडा. एक फरशी काय." मामूंनी माझ्याकडे पाहिलं. परवानगी मिळाली होती, तोंडाने, दोनदा. कोपऱ्यात हातोडीही होती.

मी त्या फरशीकडे पाहिलं. बैठकीच्या दारातून निघालेल्या वाटेतली ती पाचवी फरशी. वॉकरच्या चार पायांनी त्या वाटेवर चार पुसट रेघा पडल्या होत्या. मेलेल्या नवऱ्याने खालासाठी सपाट करून दिलेली वाट. ती मी फोडायची, तीही निम्म्या आशेवर? मला नणंदेचा आवाज आठवत होता. तरीही जमेना. "खलास, मामू," मी म्हटलं. "बंद करा."

बीबीने माती सारखी केली, वर पाणी मारलं, पुदिना सरळ केला. मग मी खिडकीच्या जाळीशी गेले. या वेळी मी नको म्हणायचा शिष्टाचार गुंडाळून ठेवला. "खाला," मी म्हटलं, "त्या दिवशी माझं चुकलं. तुमचा एक तोडा द्याल का? एकच. दुसऱ्या पायाला आमचा आहे."

आतून खाला खदखदून हसली. "आता मागते बघा ही!" बीबी आत जाऊन रुमाल घेऊन आली. काळा पडलेला तोडा तिने कधीच घासून ठेवला होता, लखलखीत. म्हणजे मी परत येऊन मागणार, हे त्या दोघींना माहीत होतं.

त्याच संध्याकाळी मी चिपळूणला व्हिडिओ कॉल लावला आणि सगळं सांगून टाकलं. पिशवीचंसुद्धा. सासूबाईंचं कपाळ तेवढं दिसत होतं, फोन नेहमीसारखा वर धरलेला. मग नणंद समोर आली. मी म्हटलं, "तू एकच गोष्ट मागितलीस आणि तीही मला..."

"वहिनी," ती म्हणाली, "जो हरवला तो तिथंच आहे ना? त्या अंगणात?"

"मला तरी वाटतंय."

"मग गेला कुठे? आहे की. आणि हा तोडा ज्यांनी घातला ती मुलं किती?"

"चार. चौघंही चांगली धट्टीकट्टी."

"बघ. सातजण झाले की." ती पोटावर हात ठेवून मोजत होती, दादा, ती, माझी लेक आणि खालाची चार. मग म्हणाली, "येताना एक टोपडंही आण. पिवळं." त्या गरोदरपणात तिने बाळासाठी मागितलेली ही पहिली नवी वस्तू. मी दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून परस्पर बाजारात गेले आणि तीन आणली.

मुलगी झाली. बाराव्या दिवशी, चिपळूणच्या घरी, पाळण्यात घालायच्या आधी सासूबाईंनी दोन्ही पाय हातात घेतले. अंगठा डाव्या पायावरून फिरला, आमचा वाळा, गुळगुळीत. मग उजव्यावर आला आणि पोचा शोधत थांबला. त्याच्या जागी बारीक घुंगरू लागले. त्यांनी एक घुंगरू हलवून पाहिलं. "आपल्या घरात आजवर कोणी मागून आणलेलं घातलं नव्हतं," त्या म्हणाल्या. मी मान खाली घातली. "मागून आणलंय तर परत द्यायला हवं. आणि त्या बाईवर तू आळ घेतलास ना, तिला माझ्याकडून खण दे. जाऊन दे. कोणाच्या हाती पाठवू नको."

म्हणून आता, सुट्टीवरून परतल्यावरच्या पहिल्या जुम्याला, मी पुन्हा त्या फाटकाशी गेले. एका हातात डिंकाच्या लाडवांचा डबा, दुसऱ्या हातात वड्यांचा, खांद्याला बॅग. कोपराने बेल वाजवली, एकदाच. या वेळी पाठ केली नाही. बीबीने दार उघडलं.

"तोडा आणलाय," मी म्हटलं. "तुझ्यासाठीही काहीतरी आहे, माझ्या सासूबाईंनी दिलेलं. बॅगेत आहे. हात घाल आणि काढ."

ती थबकली. डबे घ्यायला तिने हात पुढे केले. मी डबे दिले नाहीत, खांदा तिच्याकडे वळवला.

"घाल गं हात."

बीबीने हात ओढणीला पुसले. चेन उघडली आणि आत हात घातला. माझा कंगवा निघाला, हॉस्पिटलचं ओळखपत्र, लेकीची अर्धी पेन्सिल. ती एकेक वस्तू बघून परत नीट ठेवत होती.

"सावकाश शोध," मी म्हटलं. "मला घाई नाही."